आराहेची लोकसंख्या

१

सगळ्यात आधी खटकली ती एक सावली. पांढऱ्या वाळूत आडवी पडलेली, स्क्रीनवर तांदळाच्या दाण्याएवढी. ओंडका असेल म्हणून मी पुढे सरकले आणि मग माऊस सोडून बसून राहिले, कारण त्या फोटोत दुसऱ्या कशालाच सावली नव्हती.

नारळाच्या झाडांना नव्हती. झावळ्यांचे नुसते तारे वाळूवर चिकटवल्यासारखे दिसत होते. धक्क्याच्या खांबांना नव्हती. दवाखान्याच्या उरलेल्या भिंतींना नव्हती. फोटो विमानातून भर दुपारी काढलेले होते, सूर्य अगदी डोक्यावर असताना.

हा प्रकार मला नवीन नव्हता. मनमाडला शाळेत असताना भूगोलाच्या बाई शून्य सावलीच्या दिवशी आम्हाला मैदानात न्यायच्या आणि स्टीलचा पेला उपडा ठेवायच्या. बघता बघता पेल्याची सावली पेल्याच्या पोटात शिरायची. एका वर्षी एक मुलगी रडायला लागली, माझी सावली कुठे गेली म्हणून. ती मुलगी मी होते. बाईंनी समजावलं होतं की कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या प्रत्येक गावाला हा दिवस वर्षातून दोनदा मिळतो, यात भिण्यासारखं काही नाही. आता मी न्यू जर्सीत राहते. इथे तो कधीच मिळत नाही.

त्या बेटाला त्या दुपारी मिळाला होता. तरीही वाळूत एक सावली होती. तिला डोकं होतं, खांदे होते, आणि तिच्या पायाशी जो माणूस उभा असायला हवा होता तो नव्हता.

मी दचकले. पण मी मायक्रोवेव्ह वाजला तरी दचकते, त्यामुळे त्याला काही अर्थ नव्हता.

२

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावात एका दुमजली इमारतीत आमचं ऑफिस आहे. खाली डेंटिस्ट, वर आम्ही. आम्ही विमानातून काढलेल्या फोटोंवरची छपरं मोजतो. मास्टर्स करून, कर्ज काढून, सात समुद्र ओलांडून आम्ही पोरी इथे बसून दुसऱ्या देशांतली छपरं मोजतो, आणि घरच्यांना सांगतो की डेटा सायन्समध्ये आहोत.

त्या महिन्यात आमच्याकडे तेमारू हा देश आला होता. पॅसिफिकमधला. निळ्या चादरीवर साबुदाणा सांडावा तसा त्याचा नकाशा. अंगठीसारखी प्रवाळबेटं, मधे उथळ पाणी, बाहेर खोल समुद्र. नदी नाही, डोंगर नाही. सगळ्यात उंच जमीन आमच्या ऑफिसच्या मजल्यापर्यंतही पोचली नसती. अख्ख्या देशाची माणसं मनमाडच्या दोन-तीन वॉर्डांत मावली असती. वर्षभरापूर्वी मोठं वादळ झालं, समुद्र बेटांवरून आरपार गेला आणि विहिरी खारट झाल्या. तेव्हापासून एक मदतसंस्था, म्हणजे आमचा क्लायंट, बोटीनं पाणी पोचवत होती. आता बोट कुठल्या बेटावर थांबणार आणि कुठल्या नाही, हे लोकसंख्येवरून ठरणार होतं. आणि लोकसंख्या आमच्यावरून.

पद्धत सोपी होती. एक छप्पर म्हणजे पाच माणसं. प्रत्येक बेट दोघींनी वेगवेगळं मोजायचं. जुळलं तर पक्कं, नाही जुळलं तर मॅनेजर ठरवणार. एकही छप्पर नसेल तर बेट 'निर्जन'.

आराहे हे तेमारूचं दक्षिणेकडचं शेवटचं बेट. त्यावर एकही छप्पर नव्हतं. भिंती होत्या, चौथरे होते, झाडांना अडकलेले पत्र्याचे तुकडे होते. माझ्या जोडीला वल्लरी होती, माझी रूममेट. तिनं आराहे आधीच 'निर्जन' करून टाकलं होतं.

मी तिला सावली दाखवली. तिनं खुर्ची सरकवून एक डोळा बारीक केला.

"ग्लिच आहे यार. दोन फोटो जोडताना असं होतं."

दोन फोटो जोडताना होतं, हे खरं. विमान पुढे जाताना एकाच जागेचे लागोपाठ फोटो निघतात, आणि सॉफ्टवेअर ते शिवतं. म्हणून मी शिवण उसवून मूळ फोटो पाहिले. पहिल्या फोटोत सावली समुद्राकडे होती. पुढच्यात ती थोडी वळली होती. त्याच्या पुढच्यात डोक्याच्या जागी असलेला ठिपका लहान झाला होता, कोणी मान वर करून विमानाकडे पाहावं तसा.

वल्लरीला ते दाखवलं नाही. ती मला आधीच काउन्सेलरकडे जा म्हणत असते.

३

विमानाच्या दुसऱ्या फेरीचे फोटो आले तेव्हा सूर्य थोडा सरकला होता. झाडांच्या बुंध्यांना नखाएवढ्या सावल्या फुटल्या होत्या. आणि किनाऱ्यावर रांग होती.

रांगच होती ती. दुसरा शब्द नाही. दवाखान्याच्या भिंतीपासून धक्क्यापर्यंत, एकीमागे एक, लांबच लांब सावल्या. काही मोठ्या, काही अर्ध्या उंचीच्या. प्रत्येकीच्या शेजारी एक बुटकी, चौकोनी सावली, वर कान असलेली. कॅन. पाण्याचे कॅन. माणसं नव्हती आणि कॅनही नव्हते, पण दोघांच्या सावल्या आपापल्या जागी उभ्या होत्या आणि बोटीची वाट बघत होत्या.

मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. मला ते ओळखीचं वाटलं. मनमाडला उन्हाळ्यात टँकर यायचा असेल तर माणसं रांगेत उभी राहत नाहीत. कोण दिवसभर उन्हात उभं राहणार. आपला हंडा ठेवून यायचं. गल्लीभर नुसते हंडे, कळश्या, तेलाचे डबे, आणि माणूस एक नाही. तरी कोणाची छाती होत नाही एखादा हंडा मागे सारायची. आईनं मला लहानपणीच शिकवलं होतं, हंडा आहे म्हणजे बाई आहे.

मी शैलेंद्रकडे गेले. शैलेंद्र आमचा मॅनेजर, नागपूरचा, इथे पंधरा वर्षं मुरलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला होता, सर-बिर म्हणायचं नाही, ही अमेरिका आहे. पण नुसतं शैलेंद्र म्हटलं की आठवडाभर इमेलला उत्तर देत नाही. म्हणून मी काहीच म्हणत नाही, दारात जाऊन 'एक मिनिट आहे का' विचारते.

त्यानं फोटो पाहिले. घाबरला नाही. मला बरं वाटलं, आणि मग बरं वाटेनासं झालं.

"क्लायंटचं सॉफ्टवेअर माणसं पुसून टाकतं," तो म्हणाला. "प्रायव्हसी. माणूस पुसला, सावली राहून गेली. सिंपल."

"पण बाकी कशालाच एवढी मोठी सावली नाहीये."

"असं होतं कधीकधी."

"बरं. पण माणूस पुसला म्हणजे माणूस होता ना?"

त्यानं स्क्रीनवरून नजर काढली. हीटर घरघरत होता. मला वाटलं, पकडलं मी याला.

"शरयू," तो अगदी शांतपणे म्हणाला, "आपण छपरं मोजतो."

मग मी हंड्यांचं सांगितलं. सांगायला नको होतं. तो इतका मोकळेपणी हसला की बाहेर वल्लरीनं हेडफोन काढून वळून पाहिलं. मनमाडच्या हंड्यांवरून पॅसिफिकची लोकसंख्या काढायची म्हणतेस, असं काहीसं म्हणाला. मी म्हटलं, आमच्या अपार्टमेंटच्या कागदावर दोन नावं आहेत आणि राहतो आम्ही चौघी, तुमच्या हिशेबानं उरलेल्या दोघी कोण. माझा व्हिसा या नोकरीवर टांगलेला आहे, आणि नोकरीची मुदतवाढ त्याच्या एका सहीवर.

त्याचं हसू थांबलं. खरं सांगायचं तर तो वाईट माणूस नाही. दिवाळीला सगळ्यांसाठी चिवडा आणतो.

"हे बघ. शुक्रवारी संध्याकाळी फाइल जाणार. दवाखान्याचा सॅटेलाइट फोन आहे, नंबर फोल्डरमध्ये आहे. तिथल्या एका जिवंत माणसाचा आवाज मला ऐकव. फक्त एक. मी आराहे बदलतो, बोट चालू राहील. नाही ऐकवलास तर हा विषय परत काढायचा नाही."

४

रिंग जात होती.

दरवेळी जात होती. लांब, घोगरी रिंग, मधे समुद्रासारखा एक पोकळ अवकाश, मग परत रिंग. आमची दुपार म्हणजे त्यांची सकाळ. मी जेवण सोडून फोन लावायचे, मीटिंग चालू असताना टेबलाखाली लावायचे. रिंग जातेय म्हणजे फोन चार्ज आहे, फोन चार्ज आहे म्हणजे सोलरच्या पॅनलवरची वाळू कोणीतरी पुसतंय, हा माझा तर्क. तिथे वारा आहे, वाळू आपोआप उडते, हा शैलेंद्रचा. दोन्ही तर्क तितकेच बरोबर होते. मला या गोष्टीचा फार त्रास झाला.

त्यातच आमच्या अपार्टमेंटची तपासणी लागली. घरमालकांच्या ऑफिसातली बाई यायची असली की आमची ठरलेली धावपळ असते. दोन गाद्या वल्लरीच्या गाडीत, जादा टूथब्रश डब्यात, चार चपला आत. ज्या दोघींची नावं कागदावर नाहीत त्यांनी बाहेर जायचं. त्यांतली एक मी, म्हणून मी बाहेर गेले. गाडीत, मागच्या सीटवर गुंडाळून ठेवलेल्या गाद्यांच्या शेजारी, कानाला फोन लावून बसले. वर माझ्या खोलीत ती बाई फिरत होती. तिच्या दृष्टीनं तिथे मी राहतच नव्हते, आणि वल्लरी तिला हसून हसून तेच सांगत होती.

आईचा कॉल मधेच आला. मी तिला अर्धवट काहीतरी सांगितलं, ऑफिसच्या फोटोंचं, सावल्यांचं. डोळे तपासून घे म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, पाण्यासाठी थांबलेल्या माणसाला हटकू नये बाई. मी विचारलं, असं का. तिनं विषय बदलला, माझ्या मावसबहिणीचं ठरतंय म्हणाली.

आईचा फोन ठेवल्यावर मी परत तो नंबर लावला. रिंग जात होती. या खेपेला मधल्या त्या पोकळीत मला काहीतरी ऐकू आलं असं वाटलं. रिकाम्या प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासावं तसं. पण गाडीत गाद्या होत्या, त्यांची कव्हरं प्लॅस्टिकची होती, आणि मी हललेही असेन.

५

तिसऱ्या फेरीचे फोटो आले, आणि किनारा मोकळा होता.

वाळू, झाडं, भिंती, धक्का. झाडांच्या सावल्या आता व्यवस्थित होत्या, झाडांएवढ्या, एकाच बाजूला. दुसरं काही नाही. वल्लरीनं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, बघ, गेला ग्लिच. तिला माझ्यासाठी खरंच बरं वाटत होतं. मला विचारावंसं वाटत होतं की रांग हलली म्हणजे बोट आली असेल का. पण बोट आली असती तर धक्क्यावर सांडलेल्या पाण्याची ओल असती, हंडे भरून नेताना रस्त्यावर पडते तशी. धक्का कोरडा होता. बोटीचं वेळापत्रकही पाहिलं. दक्षिणेकडची फेरी आमच्या आकड्यासाठी आधीच थांबवून ठेवली होती.

मग रांग गेली कुठे?

वल्लरी म्हणाली, चल, चहा घेऊन येऊ, तुझं तोंड बघ कसं झालंय. आम्ही खाली उतरलो. आभाळ भरलेलं होतं, असं राखाडी की दिवसाची कुठली वेळ आहे ते कळू नये. पार्किंगमध्ये आदल्या दिवशीचा बर्फ होता. अशा उजेडात कशालाच सावली पडत नाही. गाड्यांना नव्हती, विजेच्या खांबाला नव्हती, आम्हा दोघींना नव्हती.

इमारतीच्या भिंतीलगत बर्फावर काळसर पट्टे होते. कचऱ्याच्या मोठ्या डब्यापासून निघून आमच्या दाराच्या दिशेनं, एकामागे एक. मिठाचं पाणी असेल, मी स्वतःला म्हटलं. बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, त्याचे असे ओघळ होतात. मी खाली पाहायचं टाळलं आणि वल्लरीच्या पाठीकडे पाहत चालू लागले.

वल्लरी पुढे होती, हात हलवत, कुठल्याशा लग्नात काय घालायचं ते सांगत होती. बोलता बोलता पट्ट्यांपाशी आल्यावर तिनं खांदा आत घेतला. पटेलच्या किराणा दुकानात बिलाच्या रांगेतून पलीकडे जाताना आपण घेतो तसा, तिरकं होऊन. हलकेच "सॉरी" म्हणाली, आणि पलीकडे गेली. मग न बघताच तिनं कोटाची बाही झटकली.

"कोणाला म्हणालीस?" मी विचारलं.

"काय?"

"आत्ता सॉरी म्हणालीस."

"मी? सवय गं. इथे माणूस भिंतीलाही सॉरी म्हणतो."

ती लग्नाचं पुढे सांगू लागली. मी रांग ओलांडून जाऊ शकले नाही. इमारतीला वळसा घातला, गुडघाभर बर्फातून, आणि चहाच्या दुकानात पोचले तेव्हा माझे मोजे भिजलेले होते. वल्लरीनं माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी त्या आठवड्यात आरशात स्वतःकडे पाहत होते.

६

शुक्रवारी दुपारपासून मी फोन लावत होते. शैलेंद्रला ते काचेतून दिसत होतं आणि तो बघत नसल्यासारखं करत होता. एकेक जण जॅकेट चढवून निघून गेलं. वल्लरी गाडी गरम करते म्हणून खाली गेली. तिचे पाय जिन्यावर वाजले, दार उघडल्याचा आवाज आला, पण बंद झाल्याचा मी ऐकला नाही. ते दार कधीकधी अडकतं.

शैलेंद्र माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मी नवीन असताना माझंही असंच व्हायचं," तो म्हणाला. "वाटायचं, आपण मोजतो म्हणून माणसं आहेत. माणसं आपापली असतात शरयू. आपल्याला फक्त नंबर द्यायचाय."

मी म्हटलं, नंबर दिला की पाणी बंद होईल.

"माणसं नसतील तर बंद झालेलं काय वाईट?"

"आणि असतील तर?"

त्यानं माझ्या खांद्यावरून हात लांबवून माझ्याच माऊसवर ठेवला. माझा हात मी आधीच काढून घेतला होता. त्यानं ढकललाही नव्हता. स्क्रीनवर आराहेची अंगठी हिरवी होती, ती राखाडी झाली. शेजारी शून्य आलं. खाली देशाची एकूण लोकसंख्या एकदा लुकलुकली आणि जशी होती तशीच राहिली, कारण आराहेची माणसं तिच्यात आधीही धरलेली नव्हती. किती सोपं होतं. पेल्याच्या पोटात सावली शिरावी तशी गेली ती माणसं.

"झालं," तो म्हणाला. "तुझ्या मुदतवाढीची सही सोमवारी करून टाकू." आणि मग, कदाचित माझ्या चेहऱ्याकडे बघून, जॅकेटची चेन लावता लावता म्हणाला, "समाधानासाठी एकदा लावून बघ. स्पीकरवर लाव. आवाज आला तर मी सोमवारी क्लायंटशी बोलतो, प्रॉमिस."

मी लावला.

रिंग गेली. खोलीत हीटरची घरघर होती आणि स्पीकरमधली ती पोकळी होती, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासल्याचा आवाज येत होता. आता इथे गाद्या नव्हत्या. शैलेंद्रनं जिन्याच्या दिशेनं मान वळवली. वल्लरी आली का, असं त्यानं विचारलं, पण मला नाही, जिन्याला. उत्तर आलं नाही.

रिंग थांबली.

कोणीतरी उचलला होता. दम लागलेला होता त्याला, आणि त्याच्या मागेही बरेच जण दम खात होते, लहानमोठे. समुद्राचा आवाज नव्हता. शैलेंद्रचा हात चेनवरच राहिला. माझ्या मनात आलं, आवाज आला, जिंकले मी, आता बोट जाईल. मी तोंड उघडलं आणि माझ्याआधी तो माणूस बोलला. हळू, जुन्या वळणाच्या इंग्रजीत, फार वेळ उभ्या असलेल्या आणि तरीही भांडायचं नसलेल्या माणसाच्या अदबीनं.

"आम्ही खाली पोचलो आहोत," तो म्हणाला. "पाणी कुठल्या मजल्यावर मिळेल?"